गिधाड : एका बहिष्कृत पक्ष्याचा इतिहास

कॉलेजात नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या एका साहित्य मेळाव्यात मी कविता वाचली. सावकार, गुत्तेदार, पुढारी या सगळ्यांना मी तिच्यात 'गिधाडे' म्हटले होते. टाळ्या चांगल्या पडल्या. वडील पहिल्यांदाच माझे काही ऐकायला आले होते. परतताना एस. टी. स्टँडवर बसलो असता ते म्हणाले, "कविता चांगली म्हनला. पर एक चुकलं. गिधाड जित्याला शिवत नाही रं. ह्या लोकांनी तर आपल्याला जित्तेपनीच खाल्लं. मग ह्यांना गिधाड कसं म्हनायचं?"

मी इतिहासाचा एम. ए., वडील चौथी शिकलेले. मला उत्तर देता आले नाही. गावाने ज्याला भ्याले, ज्याचा विटाळ मानला, त्या पक्ष्याची शिवी मी गावाकडूनच उसनी घेतली होती आणि ती माझीच आहे असे समजून व्यासपीठावर मिरवली होती. त्या दिवसापासून गिधाडाचा इतिहास मी जमेल तसा धुंडाळत आलो. धुंडाळताना वाटेत आपलाच इतिहास पुनःपुन्हा भेटत गेला.

आमचे गाव नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. माझा जन्म १९८८ चा. गिधाडे मी नीट अशी एकदाच पाहिली. तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. ओढ्याच्या काठी एक बैल मरून पडला होता आणि त्याच्याभोवती पाच-सहा पक्षी बसले होते. उघड्या माना, वाकलेले खांदे, पंख पसरले की माणसाहून रुंद. मी आज्याच्या धोतराला धरून उभा होतो. आईने बजावले होते, गिधाडाची सावली अंगावर पडू देऊ नकोस. मी आज्याला तसे सांगितले. आजा हसला. म्हणाला, "आपलीबी सावली कुनी पडू देत नव्हतं, लेका."

गावगाड्यात मेलेले ढोर ओढणे हे महारांचे काम. त्याला काम म्हणत नसत, 'हक्क' म्हणत. पडीचा हक्क. ढोर मेले की मालकाचा सांगावा येई. चार जण दोर आणि लाकूड घेऊन जात, ढोर गावाबाहेर ओढून नेत, सोलत. कातडे कुणाचे, मालकाचे की महाराचे, हे ज्या-त्या गावच्या रिवाजावर ठरे आणि त्यावरून तंटे होत. मांस वस्तीत येई. जास्त असले तर त्याच्या चान्या करून वाळत घालीत, कारण पुढचे ढोर कधी मरेल याचा नेम नसे. महारांच्या वतनी जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणत. त्या नावातच हाड आहे.

माणसांनी घेऊन उरले ते गिधाडांचे. हा पक्षी आभाळात उंच घिरट्या घालतो. एक खाली उतरला की दूरचा दुसरा त्याला पाहतो, दुसऱ्याला तिसरा. असे करीत घटका-दोन घटकांत थवा जमतो. मोठा थवा असला तर तासाभरात बैलाची हाडे उघडी पडत. डोक्या-मानेवर पिसे नाहीत, म्हणून रक्तमांस त्यात अडकून राहत नाही. ज्या रूपाची लोकांना किळस येते ते रूप या कामासाठीच घडलेले आहे. त्याच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले पुष्कळसे रोगजंतू त्यात मरून जातात. म्हणजे गावाचे मरण हा पक्षी आपल्या पोटात जिरवीत होता आणि गाव त्याला अपशकुनी म्हणत होते. घराच्या आढ्यावर गिधाड बसले तर आमच्या गावात शांत करीत. घर विटाळले असे मानीत.

मग जटायूचे काय, असे कोणी विचारील. रामायणात गिधाड पूज्य आहे. सीतेसाठी तो रावणाशी लढला, पंख छाटले गेले, रामाने स्वतःच्या हाताने त्याला अग्नी दिला. आमच्या गावापासून फार लांब नाही, इगतपुरी तालुक्यात टाकेद येथे हे घडले असे भाविक मानतात आणि तेथे मोठी जत्रा भरते. पण बारकाईने पाहा. जटायू पूज्य झाला तो दशरथाचा मित्र म्हणून, राजघराण्यासाठी प्राण दिले म्हणून. गावाची घाण निपटली म्हणून तो पूज्य झाला नाही. टाकेदला हात जोडणारा माणूस घरी येऊन आढ्यावरच्या गिधाडाला दगड मारतो आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही. या व्यवस्थेला सेवकाचे बलिदान चालते, त्याचे रोजचे काम तिला ओंगळ वाटते. चोखोबा अभंगात चालतो, वेशीच्या आत चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या परंपरेतही डोकावून पाहू. राजगृहाच्या ज्या टेकडीवर भगवान बुद्धांनी अनेक उपदेश केले तिचे नाव गृध्रकूट, पालीत गिज्झकूट; गिधाडांचे शिखर. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान तेथली एक कथा नोंदवतो. आनंद गुहेत ध्यानाला बसला असता मार गिधाडाचे रूप घेऊन त्याला भेवडावू लागला, तेव्हा बुद्धांनी खडकातून हात पलीकडे घालून आनंदाच्या खांद्यावर ठेवला आणि त्याचे भय गेले. म्हणजे भेवडावण्यासाठी माराला गिधाडच सापडले. हे आपण लपवून ठेवायचे कारण नाही. पण जातककथांत दुसरे गिधाडही आहे. वादळात काकडलेल्या गिधाडांसाठी वाराणसीचा एक व्यापारी शेकोटी पेटवतो, त्यांना मांस आणून देतो आणि ती त्याचे उपकार स्मरतात. त्याच कथेत म्हाताऱ्या आईबापाला पोसणारे गिधाड आहे. विटाळाचा शब्द तेथे नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या जिवाला शेक द्यावा, एवढेच आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना आठवते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले, याचा उल्लेख तेवढ्या ठळकपणे होत नाही. लोकांनी ते मनावर घेतले. गावोगावी त्याची किंमत मोजावी लागली. बहिष्कार पडला, मारहाण झाली. कातडे, हाडे यांचे उत्पन्न बुडवून हे लोक आपलेच नुकसान करून घेत आहेत, असा उपदेश करणारेही निघाले. बाबासाहेबांचा त्यांना सवाल होता की, एवढा फायद्याचा धंदा असेल तर तो तुम्ही का घेत नाही? त्याला उत्तर आले नाही. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळच या मृतमांसाशी आणि बौद्धांविषयीच्या द्वेषाशी जोडून दाखवले. आमच्या वस्तीने ढोर ओढणे सोडले ते १९५६ च्या धर्मांतरानंतर. आज्याने दोर ओढ्यात टाकून दिला, असे वडील सांगतात.

माणसे गेली तरी गावाचे अडले नाही, कारण पक्षी होता. १९९० नंतरच्या दशकात तोही नाहीसा होऊ लागला. भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडे माना टाकून मरताना प्रथम ध्यानात आली. रोग असावा असे वाटले. २००४ साली कारण उघड झाले. जनावरांच्या दुखण्यावर, सुजेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध. औषध दिलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारात एक उरली. कड्यावर घरटी करणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांपैकी सुमारे सत्त्याण्णव टक्के गेली. मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेले भरून येणार कसे? २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर आमच्या डोंगराचे कडे रिकामे झाले होते.

मग मेलेली ढोरे ओढ्यात सडू लागली, कुत्री वाढली, पाणी नासले. गिधाडे जेथे पूर्वी भरपूर होती तेथे ती गेल्यावर माणसांचे मरण वाढले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने दाखवले. २००० ते २००५ या काळात असे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्याचा अंदाज आहे. अपशकुनी पक्षी गेला आणि खरा अपशकुन नंतर आला.

हा अभ्यास वर्तमानपत्रात आला त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी हळहळून म्हणाले, "गिधाडं गेली आणि ढोरं ओढणारी माणसंही आता मिळत नाहीत. गावांचे हाल आहेत." बोलण्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागले. पक्षी आणि माणूस त्यांनी सहज एका ओळीत बसवले होते. मी एवढेच म्हणालो, "सर, गिधाडं मेली. आम्ही सोडलं." पुढे चहा येईपर्यंत कोणी बोलले नाही.

हा फरक आपण विसरता कामा नये. गिधाडाशी आपले दुःख जुळते म्हणून आपण गिधाड ठरत नाही. पक्ष्याला ते काम निसर्गाने दिले. आपल्यावर ते माणसांनी लादले आणि त्याला हक्क हे नाव दिले. पक्ष्याला नकार देता येत नाही. माणसाला येतो, आणि तो दिला की गाव खवळते. जेथे हे काम अजून जातीला बांधलेले आहे तेथे काम करणारालाही सुटका नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून भर रस्त्यात मारले. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि ढोर न उचलण्याची शपथ घेतली. महाडनंतर एकोणनव्वद वर्षांनी तोच नकार.

गिधाड वाचले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. रायगड जिल्ह्यात चिरगावसारख्या ठिकाणी गावकरी त्यासाठी झटत आहेत, त्यांचे कौतुक आहे. पण मेलेल्या ढोराची विल्हेवाट ही साऱ्या गावाची जबाबदारी आहे, एका जातीची नव्हे. ग्रामपंचायतीने त्यासाठी यंत्र आणावे, पगारी माणसे नेमावीत, कोणत्याही जातीची. ते न करता नुसता गिधाडांसाठी गळा काढणे म्हणजे फुकटचा सेवक मेला म्हणून रडणे होय.

आणि आपण लिहिणाऱ्यांनीही आपले शब्द तपासून घेतले पाहिजेत. १९७० साली तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगमंचावर आले, त्यात एकमेकांचे लचके तोडणारे घर आहे. पांढरपेशा नाटककाराने हे नाव वापरले तर समजू शकते; त्याच्या आज्याने गिधाडाशेजारी उभे राहून ढोर सोलले नव्हते. आपल्या कवितेत मात्र शोषकासाठी हाच शब्द किती वेळा आला आहे, ते मोजून पाहावे. भेदाचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांच्याच कोठारातून आपण शिव्याही उचलतो.

मी ती कविता पुन्हा लिहायला घेतली. गिधाडाच्या जागी लांडगा घालून पाहिला, पण तोही भूक लागल्याशिवाय मारत नाही. मग साप, तरस. एकही जुळेना. शेवटी सावकाराला सावकारच म्हटले, गुत्तेदाराला गुत्तेदार. कविता घरी वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता बराबर हाय."