देवळालीच्या मास्तरांची संख्या

श्रोतेहो, हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक संख्या लिहून घ्या. एकापासून चढत नऊपर्यंत जा आणि तसेच उतरत पुन्हा एकावर या : १२३४५६७८९८७६५४३२१. औंढा नागनाथजवळची एखादी टेकडी चढून उतरावी तशी ही सतरा अंकांची संख्या. उलटी वाचली तरी तीच.

ती येते कोठून? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. बेरजेत मधल्या घरात नऊ एक जमतात, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातो. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि चढउतार मोडतो.

आता तिच्या अंकांची बेरीज करा. ८१ येते, म्हणजे नऊचा वर्ग. संख्येला या ८१ ने गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो : ९९९९९९९९८००००००००१. त्याचे मधोमध दोन भाग करून मिळवा, पुन्हा ९९९९९९९९९!

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जीआयपी रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. आणि वर्गाचे दोन भाग मिळवून मूळ संख्या परत देणाऱ्या संख्यांना जग आज ‘कापरेकर संख्या’ म्हणते.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर पदवी मात्र नव्हती. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत शाळामास्तरकी केली. अनेक पुस्तिका पदरमोड करून छापल्या. आपल्याकडच्या पंडितांनी त्यांच्या कामाला किरकोळ मानले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा देवळालीचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये कापरेकर गेले.

पंडितांचा आक्षेप खोटा नव्हता. हीच संख्या संगणकाच्या शून्य-एकाच्या लिपीत लिहिली, तर ही टेकडी दिसत नाही. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव कोणत्याही लिपीत तेच राहतात. टेकडी मात्र आपल्या दशमान लेखनाची. भारतात रुजलेले हे लेखन अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बगदादेत समजावून सांगितले आणि पुढे ते युरोपात गेले.

मी कवी आहे. ओवीचा नाद दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ओवी कमअस्सल ठरत नाही. कापरेकरांनी अंकांच्या लेखनातला नाद ऐकला. त्याला प्रयोगशाळा लागली नाही. सेनगाव-कळमनुरीच्या शाळेतला फळाही पुरेल. सहा एकांपासून सुरुवात करा. अंकांची बेरीज ३६ यायला हवी. का, ते मुलांना शोधू द्या.