आधी ऐका

केजच्या शेतकऱ्याचे सोयाबीन पावसात गेले, तर त्याच्या खचल्या मनावर इलाज कोणता?

फ्रॉइड यांनी दुःखाची मुळे बालपणात शोधली. कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात सल्ल्याऐवजी आस्थेने ऐकण्यावर भर दिला. १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी मांडले की, घटनेपेक्षा तिच्याविषयीचा अविवेकी विचार माणसाला अधिक छळतो. कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली. ‘पीक गेले’ हे खरे. ‘म्हणून मी कुचकामी’ हे खोटे, असे ती शिकवते.

पण शिकवण्याआधी ऐकावे लागते. २०१५ मध्ये राज्याने मराठवाडा-विदर्भात ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरोघरी विचारपूस करू लागल्या. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, पण कर्जाशी झुंजायला माणूस उरतो.

तेव्हा मंडळी, शेजारी गप्पगप्प दिसला, तर त्याच्या ओसरीवर घडीभर टेका.