पेशीतील ऊर्जेचा व्यवहार

अन्नावाचून मनुष्य काही आठवडे, तर पाण्यावाचून काही दिवस तग धरू शकतो. श्वास मात्र थांबला, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात. शरीरात मेदाच्या रूपाने कित्येक दिवस पुरेल एवढी ऊर्जा साठलेली असतानाही असे का व्हावे? शरीरातील ऊर्जेचा साठा आणि पेशीला प्रत्यक्ष खर्च करता येणारी ऊर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे उत्तर होय.

साठा

प्राण्यांच्या शरीरात जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवले जाते. प्रौढ माणसाच्या यकृतात ते सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असते. हा साठा दीर्घकाळ पुरत नाही. दीर्घ मुदतीची ठेव असते ती मेदाची. एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर तेवढ्याच मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. शिवाय ग्लायकोजेनप्रमाणे मेदाबरोबर पाण्याचे ओझे वाहावे लागत नाही. वनस्पतींतही हीच व्यवस्था आढळते. ज्वारी-गव्हाच्या दाण्यात पिष्ट, तर तीळ आणि शेंगदाण्यात तेल साठवलेले असते.

चलन

या साठ्यातील ऊर्जा पेशीला थेट वापरता येत नाही. त्यासाठी तिचे रूपांतर अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट अर्थात ‘एटीपी’ या रेणूत करावे लागते. अॅडेनीन, रायबोज ही शर्करा आणि एकापुढे एक जोडलेले तीन फॉस्फेट गट अशी त्याची रचना असते. फॉस्फेट गटांवरील ऋण विद्युतभार एकमेकांना दूर लोटत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा गट सुटा झाला, की तयार होणारे रेणू मूळ रेणूपेक्षा अधिक स्थिर असतात. या फरकातून प्रमाणित स्थितीत प्रतिमोल सुमारे ७.३ किलोकॅलरी ऊर्जा उपलब्ध होते. प्रत्यक्ष पेशीत ती याहून अधिक असते. स्नायूंचे आकुंचन, प्रथिनांची निर्मिती, चेतापेशींतून सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणे ही सर्व कामे याच ऊर्जेवर चालतात.

एटीपीचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी लावला. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के आणि मूळचे आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे लावला. स्नायूंत एटीपी तातडीने भरून काढणारा फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थही या दोघांनी १९२७ मध्ये ओळखला होता. पुढे १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमान यांनी एटीपीचे ऊर्जावाहक म्हणून सर्वव्यापी महत्त्व मांडले.

निर्मिती

ग्लुकोजच्या विघटनाचा पहिला टप्पा पेशीद्रवात, ऑक्सिजनशिवाय पार पडतो. त्यातून एटीपीचे केवळ दोन रेणू निव्वळ हाती येतात. पुढील काम तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांत चालते. तेथे अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन आतील पटलातील प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि पाणी तयार होते. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूस लोटले जातात. धरणात अडवलेले पाणी टर्बाईन फिरवते, त्याप्रमाणे परत येणारे प्रोटॉन ‘एटीपी सिंथेज’ या विकराचा एक भाग अक्षरशः फिरवतात आणि त्यातून एटीपी तयार होते. ब्रिटनच्या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना प्रारंभी अनेकांनी नाकारली. १९७८ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. या विकराची कार्यपद्धती उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा देण्यात आला. ऑक्सिजनच्या साह्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एकंदर सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात, असे आता मानले जाते. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ असा आढळतो.

व्यवहार थांबला तर

शरीरात कोणत्याही क्षणी असलेले एटीपी फार तर शे-दोनशे ग्रॅमच्या घरात असते. दिवसभरात मात्र जवळजवळ शरीराच्या वजनाइतके एटीपी तयार होऊन खर्ची पडते. म्हणजेच प्रत्येक रेणू दिवसातून शेकडो वेळा वापरला आणि पुन्हा घडवला जातो. वेगाने धावताना स्नायूंतील तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत, तर फॉस्फोक्रिएटिन साधारण दहा सेकंदांत संपत येते.

सायनाइड जीवघेणे ठरते ते यामुळेच. इलेक्ट्रॉनच्या साखळीतील अखेरचे विकर ते निकामी करते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूचेही एटीपीअभावी नुकसान होऊ लागते. म्हणून उपचारात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मृत्यूनंतर शरीर ताठरते, तेही एटीपी संपल्याने स्नायूंतील तंतू एकमेकांपासून सुटू न शकल्यामुळे.

डायनायट्रोफिनॉल या रसायनामुळे प्रोटॉन एटीपी न बनवताच पटलातून परततात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्यासाठी ते सर्रास घेतले जात असे. तीव्र ज्वर, मोतीबिंदू आणि मृत्यू अशा घटनांनंतर १९३८ मध्ये मानवी वापरासाठी ते असुरक्षित ठरवण्यात आले. तरीही चोरट्या मार्गाने विकल्या जाणाऱ्या या रसायनाने अलीकडच्या काळातही बळी घेतले आहेत. त्यावर कोणताही विशिष्ट उतारा नाही.