आकडा

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगात कुणाला कापडाचा धंदा काढायचा झाला, तर माग हवा, मोटर हवी, डोक्यावर छप्पर हवं आणि कर्जाचा फॉर्म शोधून देणारा माझ्यासारखा कारकून हवा. क्रोशाला यातलं काहीच लागत नाही. एक सुई, एक दोऱ्याचा गुंडा, एक कात्री. संपला प्रोजेक्ट रिपोर्ट!

सुई तरी कसली? टोकाला आकडा असलेली काडी. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा. आकडा म्हटलं की आम्हा कॉमर्सवाल्यांचे कान टवकारतात. पण इथलं गणित उलटं. बँकेत आकडा चढला की रक्कम फुगते, इथे दोऱ्याचा नंबर चढला की दोरा बारीक होतो! म्हणून नवशिक्यांनी ४० नंबरच्या वाटेला जाऊ नये. जाडसर, फिक्या रंगाचा दोरा आणि ४-५ मिलिमीटरची सुई घ्यावी. टाका दिसतो आणि चष्म्याचा नंबर चढत नाही. आधी साखळी, मग मुका खांब, मग खांब.

एवढ्याशा सामानावर आयर्लंडात संसार तगले. १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी बायकापोरींना क्रोशाची लेस शिकवली. लेस श्रीमंतांच्या गळ्याशी जाऊन बसली आणि इकडे चुली पेटल्या.

पुढे एकोणिसाव्या शतकातच मिशनऱ्यांच्या हातून ही कला आंध्रातल्या नरसापूरला आली आणि तिथली लेस परदेशी जाऊ लागली. १९८२ साली मारिया मीस या जर्मन बाईंचं त्या कारागिणींवरचं पुस्तक निघालं. त्यांना काय दिसलं? दिवसाचे सहा-आठ तास सुई चालते, वर स्वयंपाकपाणी आहेच. आणि मजुरी किमान वेतनाच्याही खाली. कारण? बायका ‘घरी बसल्या बसल्या’ करतात!

हे ‘बसल्या बसल्या’ आपल्याही ओळखीचं आहे. दाराचं तोरण, एके काळचा रेडिओवरचा रुमाल, बाळाचं टोपरं आठवा. दोऱ्याचे पैसे दुकानदारानं मोजून घेतले, सुईचे घेतले, कात्रीचेही घेतले. खरा क्रोशा आजही हातानेच विणतात. पण त्या हातांच्या रकान्यात शून्य. असा ताळेबंद बँकेत मांडला, तर ऑडिटर लाल शाईची बाटली रिकामी करील.

तेव्हा क्रोशाचं सामान आणायला निघालात, तर यादीत चौथी वस्तू लिहा : एक छोटी वही. रोज किती तास विणलं ते तिच्यात मांडा, आणि महिनाअखेर तो आकडा घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.