छत्ता चौक ते दिल्ली हाट : छोट्या दुकानांच्या बाजाराची कुळकथा

यमुनेच्या पूर्वतीरावरील आमच्या मयूर विहारात चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र जमले, की एक मागणी हमखास पुढे येते. या भागात एखादे नेटके विक्रीसंकुल असावे. त्यात भपकेबाज मोठी दालने नसावीत, तर एकेका वस्तूला वाहिलेली लहान लहान दुकाने असावीत. कोठे हातमागाचे कापड, कोठे मातीची भांडी, कोठे केवळ मसाले, तर कोठे केवळ लाकडी खेळणी. मागणी रास्त आहे. परंतु ती मांडणारे बहुधा इमारतीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून बोलतात. कमानी, कारंजे, दगडी फरसबंदी, मधोमध एखादा डेरेदार वृक्ष! त्या दुकानांत बसणार कोण, कोणत्या अटीवर बसणार आणि किती दिवस बसणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. सरकारी कचेरीत उभी हयात गेलेल्या आमच्यासारख्यांना मात्र नकाशाआधी वाटपाचे नियम पाहण्याची खोड जडलेली असते. त्या खोडीच्या आधारानेच या विषयाची थोडी पूर्वपीठिका आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर आरंभ लाल किल्ल्यापासून करावा लागतो. लाहोरी दरवाजातून आत शिरताच जी छपराखालची पेठ लागते, ती छत्ता चौक. शाहजहान बादशहाने १६४६ साली पेशावरचा आच्छादित बाजार पाहिला व तसाच बाजार आपल्या नव्या किल्ल्यात असावा असे त्याच्या मनात आले. किल्ल्याचे बांधकाम पाहणाऱ्या मुकर्रमत खानाने तो सिद्ध केला, असे सांगतात. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात छपराखालच्या बाजाराचे महत्त्व निराळे सांगावयास नको. दुतर्फा कमानींचे गाळे, मध्ये उजेडासाठी उघडा ठेवलेला अष्टकोनी चौक आणि गाळ्यांतून रेशीम, किनखाब, मखमल, जडजवाहीर असा माल. आजच्या भाषेत ज्याला निवडक दुकानांचे संकुल म्हणतात, त्याची सर्व लक्षणे येथे होती. तथापि हा बाजार एका गिऱ्हाइकाच्या जिवावर उभा होता, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे दरबार. दरबार गेला तशी ती पेठही निराधार झाली. कमानी शाबूत राहिल्या आणि त्यांच्याखाली पुढे प्रवाशांसाठी स्मरणवस्तू विकणारी दुकाने आली.

किल्ल्याबाहेर जहाँआरा बेगमेने १६५० च्या सुमारास वसविलेल्या चांदणी चौकाची गोष्ट निराळी. त्याच्या आसपास ज्या गल्ल्या वाढल्या, त्यांनी एका धंद्याची एक वस्ती हा जुना नियम पाळला. दरीब्यात चांदी, किनारी बाजारात गोटा-जर, खारी बावलीत मसाले आणि सुकामेवा. पुणेकर वाचकांना हे नवे वाटणार नाही. तांबट आळी, बोहरी आळी, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक ही त्याच जातीची उदाहरणे. सारख्यास सारखे शेजारी बसविण्याचा लाभ असा, की गिऱ्हाइकाला दहा पावलांत दहा भाव कळतात आणि लबाडी फार काळ टिकत नाही. आधुनिक नियोजक याच्या नेमके उलट करतो. तो एका संकुलात एका मालाचे एकच दुकान देतो, शेजाऱ्याला शेजाऱ्याची स्पर्धा होऊ नये म्हणून! आम्हांस तरी ही दुकानदाराची सोय वाटते. तिला गिऱ्हाइकाची सोय म्हणण्याचा प्रघात का पडला, ते समजत नाही.

या दोहोंच्या मधला मार्ग पाहावयाचा असेल तर तुळशीबागेकडे वळावे. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ मध्ये तेथे राममंदिराच्या कामास हात घातला आणि १७९५ पर्यंत ते चालले. देवळाच्या आवारात व भोवती जी दुकाने वाढली, त्यांचा मेळ कोणी नकाशावर घातलेला नव्हता. पूजेची उपकरणी, तांब्यापितळेची भांडी, हळदकुंकू, बांगड्या, मुलींची भातुकली. वस्तू भिन्न, पण गिऱ्हाईक एकच. सण, व्रत किंवा लग्नकार्य निघालेली गृहिणी. हाच त्या बाजाराचा खरा विषय म्हणावयाचा. वस्तू कोणती हे ठरविण्याआधी गिऱ्हाईक कोणत्या कामासाठी घराबाहेर पडले आहे, ते तुळशीबागेने ओळखले होते. मोठमोठे सल्लागार नेमूनही हे गमक पुष्कळांना सापडत नाही.

इंग्रजांनी नवी दिल्ली वसविताना रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात कॅनॉट प्लेस बांधले. ते देखणे खरेच, पण त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो खान मार्केट. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९५१ मध्ये हा बाजार उभा राहिला. १५४ दुकाने आणि वरच्या मजल्यावर राहण्याची घरे, अशी साधी योजना. किराणा, कापड, औषधे, पुस्तके असे घरगुती गरजेचे व्यवहार तेथे चालत. पुढे भोवतालची वस्ती उच्चपदस्थांची व धनिकांची होत गेली आणि भाडी देशातील सर्वांत चढ्या भाड्यांत गणली जाऊ लागली. ज्यांनी सर्वस्व गमावले होते त्यांच्या पदरात हे दान पडले, याचा आनंदच मानावा. नियोजनाच्या अंगाने मात्र त्यातून एक गोष्ट उघड होते. कायमच्या हक्काने दिलेल्या जागेत कोणता व्यवसाय चालावा, हे अखेरीस जागेचे भाडे ठरविते. पुढे हौज खास गावात तेच घडले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे वस्त्रकलेची लहान लहान दुकाने निघाली, त्यांनी त्या खेड्याला नाव मिळवून दिले, नावाबरोबर भाडे चढले आणि त्या भाड्याला उपाहारगृहेच पुरी पडू लागली.

आता आमच्या वसाहतीकडे येऊ. मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाची निर्मिती. १९८० नंतरच्या दशकात प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती येथे झपाट्याने उठल्या. बाजारांची आखणी बृहद् आराखड्याच्या पायऱ्यांनी होत असे. १९६२ च्या पहिल्या आराखड्याने ही श्रेणीबद्ध रचना आणली आणि १९९० मध्ये अधिसूचित झालेल्या दुसऱ्या आराखड्याने तिचे हिशेब बसविले: पाच हजार वस्तीमागे दैनंदिन गरजेचे एक छोटे केंद्र, पंधरा हजारांमागे स्थानिक बाजार, लाखामागे सामुदायिक केंद्र आणि पाच लाखांमागे जिल्हा केंद्र. हिशेब चोख होता. किती माणसांना किती दुकाने, हे त्यात होते. दुकानदार कोण, हे त्यात नव्हते. ते काम लिलावावर व निविदांवर सोडलेले असे. लिलावात सर्वाधिक बोली करणारा माणूस लाकडी खेळणी विकण्यासाठी बोली करीत नसतो, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. म्हणून अशा बाजारांत आपणांस औषधे, मालमत्तेचे दलाल, शिकवणीवर्ग, केशकर्तनालये आणि मिठाई ही मंडळी दिसतात. जो छोटा विक्रेता नियोजनात बसला नाही, तो आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसला. मयूर विहारातील कोणत्याही गृहिणीस विचारावे. तिची निम्मी खरेदी त्या कडेवरच होते.

कारागिरासाठी राजधानीत जागा करण्याचा प्रयत्न स्वातंत्र्याबरोबरच सुरू झाला होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रेरणेने कुटिरोद्योगांचे मध्यवर्ती विक्रीकेंद्र जनपथावर नावारूपास आले. पुढे बाबा खडकसिंग मार्गावर राज्याराज्यांची भांडारे उभी राहिली, त्यांत महाराष्ट्राचे ‘त्रिमूर्ती’. या भांडारांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांत वस्तू येत असे, कारागीर येत नसे. पैठणीचा भाव पगारी विक्रेता सांगे. ती विणणारा पैठणला किंवा येवल्याला असे.

ही उणीव भरून काढली दिल्ली हाटने, आणि म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कल्पना जया जेटली यांची, रचना वास्तुशास्त्रज्ञ प्रदीप सचदेव यांची. दिल्ली पर्यटन महामंडळ, नवी दिल्ली नगरपालिका आणि केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची हातमाग व हस्तकला कार्यालये यांचा त्यात वाटा. जागा निवडली ती अशी, की जिच्याकडे कोणी बिल्डर ढुंकूनही पाहिला नसता. आय.एन.ए. बाजारासमोरील एक नाला झाकून झालेली सुमारे सहा एकरांची पट्टी! नाल्यावर अवजड बांधकाम करता येत नाही. तेव्हा बुटके विटांचे ओटे, जाळीच्या भिंती, हलकी छपरे, उघडे अंगण, अशीच रचना सोयीची ठरली. लोकांनी पुढे तिला ग्रामीण सौंदर्यदृष्टी म्हणून नावाजले. ती दृष्टी तेथे होतीच, पण नाल्याचाही तीत हात होता.

मार्च १९९४ मध्ये हाट उघडले. त्याचे मर्म वाटपाच्या नियमात आहे. ओटा कोणाच्याही नावे कायमचा नाही. हस्तकला वा हातमाग विकास आयुक्तांचे ओळखपत्र असलेल्या कारागिराला तो पंधरा दिवसांसाठी माफक भाड्याने मिळावा आणि मग त्याने तो दुसऱ्यासाठी मोकळा करावा, अशी ती पद्धत. जागेला मालक नाही म्हणून पागडी नाही. पागडी नाही म्हणून कोल्हापूरचा चर्मकार, सावंतवाडीचा खेळणी करणारा किंवा वारली चित्रे काढणारा डहाणूचा तरुण राजधानीच्या अगदी मध्यवर्ती भागात बसू शकतो. खाद्यपदार्थांचे राज्यवार गाळे ही दुसरी युक्ती. त्यांत महाराष्ट्राचाही गाळा आला. जेवावयास आलेला माणूस चादर घेऊन परततो, हे तुळशीबागेचेच गणित. आत जावयास तिकीट ठेवले गेले, यावर प्रारंभी नाके मुरडली गेली. पण त्या पैशांत आवार स्वच्छ राहिले.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, तेथून फार दूर नसलेल्या अँड्र्यूज गंजमध्ये अन्सल प्लाझा उघडला. दिल्लीतील आधुनिक धाटणीच्या मॉलांचा आरंभ तेथून धरतात. त्याच वर्षी मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स निघाला. प्रारंभीच्या दिवसांत गर्दी आवरण्यासाठी तेथे क्रेडिट कार्ड किंवा मोबाईल दाखविणाऱ्यालाच विनाशुल्क प्रवेश देण्यात येई, इतरांस शुल्क पडे. हे दोन्ही मॉल त्या काळी नवलाचे होते, आणि त्यांहून मोठे व नवे मॉल येताच दोहोंचे तेज मावळले. साकेतला २००७ मध्ये निघालेल्या संकुलापुढे अन्सल प्लाझा ओस दिसू लागला. हाटची गर्दी मात्र टिकली. याचे कारण आमच्या मते एवढेच, की दर पंधरवड्यास तेथील विक्रेता बदलत असल्याने मालही आपोआप बदलत राहिला.

याचा अर्थ हाट निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. ओळखपत्र कारागिराचे आणि माल व्यापाऱ्याचा, यंत्रावरचे कापड हातमागाचे म्हणून विकलेले, अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत. पीतमपुऱ्यात २००८ मध्ये व जनकपुरीत २०१४ मध्ये अशीच हाटे निघाली. दुसऱ्यास संगीताचा विषयही दिला गेला. जागा ऐसपैस, पण आय.एन.ए.ची वर्दळ तेथे लाभली नाही. शेजारी जुना भाजीबाजार, दोन्ही हातांना सरकारी वसाहती, ही आय.एन.ए.ची पुण्याई नकाशासोबत हलविता येत नाही. मयूर विहारकरांना तर ३१ डिसेंबर २०१८ पासून गुलाबी मार्गिकेने थेट हाटच्या दारात उतरता येते. तेव्हा आमच्या भागात निराळे हाट मागताना, लोकांनी ते सोडून येथे का यावे, याचे उत्तर तयार असले पाहिजे. आमच्या अल्प मतीस सुचते ते असे, की सहा एकरांचा हट्ट धरू नये. प्राधिकरणाच्या एखाद्या सुस्तावलेल्या स्थानिक बाजारातील आठ-दहा गाळे लिलावातून वगळावेत, ते पंधरवड्याच्या बोलीने द्यावेत, आणि त्यांचे वेळापत्रक गणपती, नवरात्र, ओणम, दिवाळी, छठ यांच्या पंचांगाशी जुळवावे. आमच्या शेजारात या सर्व सणांची माणसे नांदतात.

आणखी एक तरतूद आराखड्यात प्रथमच लिहावी लागेल. ३० एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी आय.एन.ए.च्या हाटला आग लागली आणि पंचविसाच्या आसपास ओटे मालासह जळाले. पंधरा दिवसांसाठी आलेला कारागीर अनेक महिन्यांची मेहनत एकाच खेपेत घेऊन येतो. त्याचे गोदाम, दुकान आणि भांडवल त्या एका ओट्यावर असते. हलकी छपरे, कापड, लाकूड, बांबू. अशा बाजारात पाण्याची टाकी कोठे असेल, रात्री माल कोठे ठेवावयाचा आणि विम्याचा हप्ता भाड्यात धरावयाचा की कारागिराने निराळा भरावयाचा, हे मुद्दे कारंज्याच्या जागेआधी ठरले पाहिजेत.