शीळ आणि तिचे ऐकणारे

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा जुना कुळाचार. यंदा माळ्यावरून काळवंडलेल्या समया, मोडका पाळणा आणि वाळवीने अर्धाअधिक फस्त केलेला पंचांगांचा गठ्ठा यांच्याबरोबर एक खाकी पाकीट खाली आले. पाकिटात ग्रामोफोनच्या तबकडीचे दोन तुकडे होते. मधल्या गोल कागदावर, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला तो सुप्रसिद्ध कुत्रा अजून ओळखू येत होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "फुटकी वस्तू सणावाराला घरात ठेवू नये. भंगारात देऊ का?"

मी एकदम "नको" म्हणालो. तो "नको" माझ्या तोंडून इतक्या घाईने गेला, की माझे मलाच नवल वाटले. वाचकहो, हा लेख म्हणजे त्या "नको"चा खुलासा आहे.

आमचे मेहकर पैनगंगेच्या काठावर वसलेले गाव. परगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला दोन गोष्टी दाखवतो. एक, १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती. आणि दुसरी, कंचनी नावाच्या नर्तकीची दंतकथा अंगाखांद्यावर वागवीत उभा असलेला कंचनीचा महाल. पण तिसरी एक गोष्ट आहे, ती डोळ्यांना दाखवता येत नाही. मराठी माणूस गेली नव्वद वर्षे ज्याला भावगीत म्हणतो, त्याच्या उगमापाशी या गावच्या एका वकिलाची कविता आहे. नागोराव घनःश्याम देशपांडे, म्हणजेच ना. घ. देशपांडे (१९०९–२०००), यांची 'शीळ'. माळ्यावरची ती फुटकी तबकडी याच गाण्याची.

या गाण्याचे महत्त्व कळायला त्याआधीचे गाणे कसे होते, हे आठवले पाहिजे. मराठी माणसाचे त्या काळचे लाडके गाणे म्हणजे नाट्यसंगीत. बालगंधर्वांचे पद सुरू झाले की थिएटर "वन्समोअर"ने दुमदुमायचे, आणि रात्री उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत चालायचे. नटाच्या गळ्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या गड्यापर्यंत आवाज पोचवायचा तर तो छातीतूनच काढावा लागे. ग्रामोफोनचीही तीच गत. १९०२ साली गैसबर्ग नावाचे साहेब यंत्र घेऊन कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले. परंतु त्या यंत्रात वीज नव्हती. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. अशा कर्ण्यात कोणी कुजबुजला, तर सुई जागची हलणार नाही! म्हणजे रंगभूमी काय आणि तबकडी काय, दोन्हीकडे राज्य होते ते खड्या आवाजाचे.

१९२५ साली विलायतेत आणि अमेरिकेत विजेच्या मायक्रोफोनने तबकड्या तयार होऊ लागल्या. थोड्याच वर्षांत ती सोय आपल्याकडेही आली. दिसायला ती केवळ यंत्रातली सुधारणा. पण तिने गाण्याचा स्वभावच बदलला. आता हलक्या आवाजात, एखाद्याच्या कानाशी बोलावे तसे गाता येऊ लागले. मनातल्या मनात म्हणावी अशी कविता प्रथमच गळ्यातून यंत्रात उतरू शकली. त्यासाठी हवी होती तशी कविता, आणि हवा होता तसा गाणारा.

गाणारा मिळाला तो गोविंदराव जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र जी. एन. जोशी म्हणून ओळखतो. तेही वकिलीच शिकलेले. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी 'शीळ' हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी गायिली. रानातून घुमत गेलेली एक शीळ आणि ती ऐकून कासावीस झालेले एक मन, एवढाच काय तो विषय. ना राजा, ना राणी, ना नाटकातला प्रवेश. तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटे. तेवढ्यात तानांच्या आतषबाजीला सवडच नव्हती. जे सांगायचे ते शब्दाने आणि सुराने हळूच सांगायचे, आणि निघून जायचे. त्या तीन मिनिटांनी महाराष्ट्राला वेड लावले.

माझे आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. गावातल्या एका चहाच्या हॉटेलात चावीचे ग्रामोफोन यंत्र होते. एक कप चहा घ्यायचा आणि तो निवेपर्यंत, निवल्यावरही, गाणे ऐकत बसायचे, असा त्यांचा आणि त्यांच्या दोस्तांचा उद्योग. हॉटेलवाला कंटाळून दुसरी तबकडी लावी. मग पोरे आणखी एक कप मागवून पुन्हा 'शीळ' लावायला लावीत. नाटकातला वन्समोअर शेकडो लोकांनी मिळून मागायचा असतो. हा वन्समोअर मात्र एकट्या माणसाने, चावी फिरवून, हवा तितक्या वेळा घ्यायचा. रसिकतेच्या इतिहासात हा फरक लहान नव्हे.

पुढे आजोबा कापसाच्या जिनात हिशेबनीस झाले. पहिल्या काही पगारांतून त्यांनी कोणाचे तरी वापरलेले यंत्र आणि ही तबकडी घरी आणली. माझी पणजी चुलीपाशी बसून ऐके आणि दर वेळी विचारी, "या पेटीतला माणूस जेवाले कवा येते?" पणजोबांचे मत मात्र निराळे होते. त्यांनी तरुणपणी बैलगाडीने अकोल्याला जाऊन संगीत नाटके पाहिली होती. ते म्हणत, "ज्यात तान नाही ते गाणं कसलं? ही तर कुजबुज." एकदा तर त्यांनी यंत्राची चावीच काढून आठवडाभर कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवली! नाट्यगीतात आणि ख्यालात मुरलेल्या त्या काळच्या पुष्कळ कानांना भावगीत असेच मिळमिळीत वाटे. नव्या गाण्याला जुन्या कानाने दिलेला हा निकाल आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

'शीळ'च्या पाठोपाठ भावगीतांची रांगच लागली. जी. एन. जोशींबरोबर तरुण गंगूबाई हनगल यांनी मराठी युगुलगीते गायिली. गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनी हे गाणे तबकडीतून काढून गणेशोत्सवाच्या मांडवात आणले. पुण्याच्या रस्त्यांवर माणसे मांडी घालून त्यांच्या कविता ऐकत. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र निघाले आणि आमच्या वऱ्हाडातल्या ज्या घरी रेडिओ होता, त्या घरच्या ओसरीला संध्याकाळी शेजारपाजारचा राबता सुरू झाला. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते, बाबूजी फडक्यांचे संगीत, वर्षभर दर आठवड्याला एक. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत, हे पुष्कळ वाचकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच असेल. कुजबुज म्हणून हिणवलेल्या गाण्याने वीस-पंचवीस वर्षांत देव्हाऱ्यापर्यंत मजल मारली होती.

आता मला या हकीकतीतली सर्वांत नवलाची गोष्ट सांगायची आहे. ना. घं.चा पहिला कवितासंग्रह, त्याचेही नाव 'शीळ'च, प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे तबकडी निघाल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ कवीचे पुस्तक नव्हते. मग या काळात ती कविता राहिली कोठे? ती राहिली चहाच्या हॉटेलांत, वह्यांच्या शेवटच्या पानांवर, धुणी धुणाऱ्या बायांच्या ओठांवर, जिनातल्या हिशेबनिसाच्या गुणगुणण्यात. पुढे 'अभिसार' आला, 'खूणगाठी' आली आणि तिला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. जी. एन. जोशी त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि त्यांनी देशातल्या मोठमोठ्या गवयांची गाणी तबकडीवर उतरवली. कवीचा आणि गायकाचा इतिहास असा नावानिशी लिहिला गेला, आणि ते योग्यच झाले. पण मधली ती वीस वर्षे ज्यांनी गाणे सांभाळले, त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत?

हे सारे मला सुचले ते माळ्यावरच्या पाकिटामुळे हे खरे, पण त्याची सुरुवात श्रावणात शाळेत झाली. दहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत खेळायला न जाता, कानात बोंडे खुपसून, एकटाच व्हरांड्यात बसलेला असे. तास सुरू झाला तरी बोंडे निघेनात, तेव्हा मी त्याचा मोबाइल काढून घेतला आणि कुतूहल म्हणून एक बोंड स्वतःच्या कानाला लावले. पिठाच्या गिरणीत उभे राहावे असा एक अखंड गुंगारा ऐकू आला, आणि त्या गुंगाऱ्याच्या आत कोठेतरी, ओढणीआडून बोलल्यासारखा, एक मऊ आवाज. शब्द एकही कळेना. मी म्हणालो, "ज्यातले शब्द कळत नाहीत ते गाणं कसलं रे?" वर्ग हसला. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, कळत नाहीत म्हणूनच बरं वाटतं." मी मोबाइल टेबलाच्या खणात ठेवला, तो चार दिवस दिला नाही.

चौथ्या दिवशी मोबाइल परत देताना मी त्याला त्या गाण्याचे नाव विचारले. तो म्हणाला, "शूगेझ. आणि याचंच थोडं हळवं भावंड, ड्रीम पॉप." मग काही त्याच्याकडून आणि काही स्वतः वाचून, मी ही माहिती गोळा केली.

१९९० च्या सुमारास इंग्लंडात काही तरुण वाद्यवृंद निघाले. ते विजेच्या गिटारीचा आवाज पायाशी ठेवलेल्या अनेक खटक्यांतून फिरवून असा काही घोटीत, की त्याचा एक दाट पडदाच तयार होई. आणि गाणारा त्या पडद्यामागून हळूच गाई. ते खटके पायाने दाबायचे, म्हणून वाजवणाऱ्याची नजर सदा खाली. त्यावरून तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांनी चेष्टेने नाव ठेवले, 'बुटांकडे टक लावणारे'. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदाचा 'लव्हलेस' हा १९९१ चा संग्रह या पंथाची पोथी मानला जातो. त्याच्याही आधी स्कॉटलंडच्या 'कॉक्टो ट्विन्स'मधली एलिझाबेथ फ्रेझर अशी गाई की इंग्रजांनाही तिचे शब्द लागत नसत. रेडिंग गावच्या 'स्लोडाइव्ह' या वृंदाची तर टीकाकारांनी इतकी टर उडवली, की १९९५ साली कंपनीने त्यांना नारळ दिला आणि वृंद मोडला.

गोष्ट येथे संपायला हवी होती. पण ऐकणाऱ्यांनी ती संपू दिली नाही. जुनी गाणी एकमेकांना देत, जगाच्या पाठीवर कोठे कोठे खोलीत एकट्याने ऐकत, त्यांनी ते गाणे जवळजवळ वीस वर्षे जिवंत ठेवले. २०१४ साली 'स्लोडाइव्ह' पुन्हा एकत्र आले, तेव्हा समोर त्यांच्या तरुणपणी जन्मलीही नव्हती अशी मुले उभी होती. २०१७ साली त्यांनी नवा संग्रह काढला. मेहकरच्या शाळेतला आमचा मुलगा त्यांच्यातलाच एक.

विजेने हळू गाण्याची सोय केली; हळू गाण्याने माणूस एकटा ऐकू लागला; जाणत्यांनी त्याला नावे ठेवली; आणि वीस वर्षे ते गाणे निनावी कानांनी जपले. सांगा, यात इंग्लंड कोठले आणि मेहकर कोठले? फरक आहे, तो मोठाही आहे. 'शीळ'मध्ये शब्द हाच प्राण. तिकडे शब्द सुरात विरघळून गेलेला. मला अजूनही शब्द कळलेले गाणेच आवडते. पण टेबलाचा तो खण आठवला, की मला पणजोबांच्या करगोट्याला बांधलेली चावी आठवते, आणि मान खाली जाते.

आता त्या तबकडीचे. ती मी फोडली. आठ वर्षांचा होतो, दुपारी कोणी नसताना यंत्र उघडायला गेलो आणि तबकडी फरशीवर पडली. लाखेची तबकडी ती, टवका उडून सरळ दोन तुकडे झाले. आजोबा आले, त्यांनी तुकडे उचलून पाकिटात घातले. मला रागावले नाहीत. संध्याकाळी अंगणात बाजेवर पडून त्यांनी ते गाणे सबंध म्हटले, मधल्या पेटीच्या सुरावटीसकट. एका ठिकाणी जुन्या तबकडीला चरा होता. सुई तेथे अडून तीच ओळ दोनदा म्हणे. आजोबांनीही ती ओळ दोनदा म्हटली. पुढे ते असेपर्यंत दोनदाच म्हणत.

परवा दिवाळीच्या सुट्टीत तो मुलगा फराळाला घरी आला होता. मी त्याला दोन तुकडे दाखवले. त्याने मोबाइलवर जुने मूळ ध्वनिमुद्रण शोधून काढले, एक बोंड स्वतःच्या कानात घातले, एक मला दिले. आम्ही दोघे ओसरीच्या पायरीवर बसलो. चकलीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला होता. नजर खाली, स्वतःच्या अनवाणी पायांकडे. गाणे चालले होते, स्वच्छ, कोठेही न अडखळता. ती ओळ आली आणि एकदाच म्हणून पुढे गेली.

"सर, काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "पुन्हा लाव."