परतीचे ओझे

प्रवासवर्णनकार मुक्कामाला पोहोचला की बहुधा लेखणी खाली ठेवतो. परतीचा प्रवास एखाद्या वाक्यात उरकला जातो. कैनाड परिसरातील सायकलफेरी आटोपून डहाणू रोडच्या फलाटावर उभे असताना आम्हाला या संक्षेपाचे कोडे पडले.

ज्या वाहनाने दोन दिवस आम्हाला वाहून नेले, ते स्थानकात शिरताच 'सामान' ठरले. रेल्वेच्या परिभाषेत इथे दोन वाटा फुटतात. 'लगेज' म्हणून नोंदलेली सायकल प्रवाशाच्या तिकिटाशी जोडली जाते आणि त्याच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून जाते. 'पार्सल' म्हणून सोपवली की हे नाते तुटते; ती दुसऱ्या गाडीनेही येऊ शकते. 2013 साली उपनगरी सेवा डहाणूपर्यंत आली, तिच्यात मालडबा आहे. तिथे मात्र ओझे आणि ओझ्याचा धनी शेजारी शेजारी उभे राहतात.

मराठीत परतीच्या ओझ्याला प्रतिष्ठा मिळाली ती गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये. 1857 साली वरसईहून निघालेले विष्णुभट बंडाच्या धामधुमीतून गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परतले. पुस्तक 1907 साली प्रसिद्ध झाले. त्या प्रवासाची सांगता कोणत्याही क्षेत्री होत नाही, ती घरी होते. कारण ओझे स्वेच्छेने उचललेले आहे आणि ते कोणासाठी, हे ठाऊक आहे.

ज्या भूमीतून आम्ही परतत होतो, तिचा इतिहास मात्र लादलेल्या ओझ्याचा आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग 1864 साली मुंबईला भिडला आणि वारल्यांच्या रानातील लाकूड व गवत यांना शहराची बाजारपेठ जवळ आली. माल रुळांवरून गेला, पण तो तोडणाऱ्या-कापणाऱ्यांच्या वाट्याला सावकार-जमीनदारांची वेठ उरली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही 'लग्नगडी' म्हणून राबत. मे 1945मध्ये तलासरीजवळच्या झरी येथील परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. पुढे पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी पुढे आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या 1970च्या पुस्तकात नोंदवला.

या मागणीत वजन आणि मोल प्रथमच एका ओळीत आले, ही गोष्ट आम्हाला वाङ्मयीन दृष्टीनेही महत्त्वाची वाटते. वेठीला मोजमाप नसते. म्हणूनच ती अमर्याद असते. ओझ्याला आकडा मिळताच ते वाहणाऱ्याला बोलण्याचा अधिकार मिळतो.

आमची सायकलफेरी या इतिहासाच्या तुलनेत किरकोळ, हे मान्यच आहे. तरी परतीचा वृत्तान्त गाळला, तर 'आम्ही पाहिले' एवढेच उरते. आपल्याला परत येता येते, ही आपली सोय अदृश्य होते. पाहुण्याचे वर्णन आणि रहिवाशाचे जगणे यांतील अंतर इथेच मोजता येते.

मालडब्यात आमच्या सायकलीला टेकून एक बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिचा प्रवास परतीचा नव्हता. तिची कामाची वेळ आता सुरू होत होती. आम्ही सायकल जराशी सरकवली.